जॉन डी. रॉकफेलर आणि त्याचे घराणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉकफेलर नावाची बरीच माणसे वाचनात येतात. त्यातला तेलवाला कोणता?

तेलाचे साम्राज्य उभारणारा तो पहिला जॉन डेव्हिसन रॉकफेलर. त्याचा जन्म ८ जुलै १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रिचफर्ड या खेड्यात झाला आणि २३ मे १९३७ रोजी तो फ्लॉरिडात वारला. त्याच्या एकुलत्या एका मुलाचे नावही जॉन डी. रॉकफेलर. या मुलाला सगळे ‘ज्युनियर’ म्हणत, म्हणून इथेही तेच नाव वापरले आहे. नातू तिसरा जॉन, पणतू चौथा जॉन. न्यूयॉर्कचा गव्हर्नर आणि पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झालेला नेल्सन हा ज्युनियरचा मुलगा. बँकर डेव्हिड हा त्याचा सर्वांत धाकटा भाऊ.

तो जन्मापासून श्रीमंत होता का?

नाही. पण गरीब घरातून वर आला असे म्हणणेही पुरते खरे नाही. त्या घरात पैसा कधी भरपूर यायचा, तर कधी महिनोन् महिने यायचाच नाही. याला कारण त्याचे वडील.

विल्यम एव्हरी रॉकफेलर गावोगाव फिरून औषधे विकत असे. स्वतःला डॉक्टर म्हणवून घेई, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करी. वैद्यकाचे शिक्षण काहीच नव्हते. महिन्यांनी घरी उगवायचा तो उंची कपड्यांत आणि खिसे भरून. मग दुकानदारांची थकलेली उधारी एकदम चुकती व्हायची. मधल्या काळात आई एलायझा पै पै जपून संसार ओढायची. घरकामाला असलेल्या नॅन्सी ब्राउन या मुलीपासून त्याला दोन मुली झाल्या, त्याही एलायझाच्याच छपराखाली. १८४९ मध्ये त्याच्यावर बलात्काराचा आरोप ठेवला गेला. खटला उभा राहिला नाही, पण त्या गावात राहणे कठीण झाले आणि कुटुंबाने बिऱ्हाड हलवले.

पुढे १८५५ च्या सुमारास त्याने कॅनडातल्या मार्गारेट ॲलन नावाच्या तरुणीशी दुसरे लग्न केले. पहिली बायको जिवंत होती, घटस्फोट नव्हता. दुसऱ्या घरात तो ‘डॉ. विल्यम लेव्हिंग्स्टन’ म्हणून वावरला आणि १९०६ मध्ये त्याच नावाने त्याला पुरले. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस ज्याचा मुलगा, त्याच्या थडग्यावर खोटे नाव. दोन वर्षांनी एका वृत्तपत्राने ही गोष्ट उघड केली. जॉनने त्यावर जाहीरपणे अवाक्षर काढले नाही.

मग त्याच्यावर संस्कार कुणाचे?

आईचे आणि बाप्टिस्ट चर्चचे. एलायझा कडक होती, प्रसंगी छडीही उगारायची. वडिलांच्या गैरहजेरीत थोरला मुलगा म्हणून जॉनवर लवकर जबाबदारी पडली. वडिलांकडून त्याने एक गोष्ट मात्र घेतली : रोख पैशाची किंमत. धंद्यासाठी बापाने त्याला १,००० डॉलर दिले ते १० टक्के व्याजाने, आणि मुलगा अडचणीत असेल नेमकी तेव्हाच परतफेड मागायची बापाची रीत होती. पोरे हुशार व्हावीत म्हणून मी त्यांना फसवतो, असे तो बिनदिक्कत सांगे.

माझ्या मते जॉनचा आयुष्यभराचा अबोलपणा आणि हिशेबाचा ध्यास या घरातूनच आला. कुठल्या दिवशी पैसे येतील हे ज्याला लहानपणी कधीच कळले नाही, त्याने पुढे सेंटचाही हिशेब सोडला नाही.

शिक्षण किती?

क्लीव्हलंडमध्ये हायस्कूल, त्यानंतर काही आठवड्यांचा व्यापारी हिशेबाचा अभ्यासक्रम. कॉलेज नाही. १८५५ च्या उन्हाळ्यात तो रोज सकाळी नोकरी शोधायला निघे आणि २६ सप्टेंबरला ह्यूइट अँड टटल या अडत्यांकडे मदतनीस हिशेबनीस म्हणून लागला. पहिल्या तीन महिन्यांचे मिळून ५० डॉलर हाती आले. २६ सप्टेंबर हा ‘नोकरीचा दिवस’ तो म्हातारपणापर्यंत सणासारखा साजरा करी.

त्याच सुमारास त्याने एक छोटी लाल वही घातली. ती ‘लेजर ए’ या नावाने प्रसिद्ध आहे. जेवणाखाण्याचा खर्च, कपडे, भाडे आणि दान, सगळे त्यात टिपलेले आहे. चर्चला दिलेली दहा सेंटची रक्कमसुद्धा. तुटपुंज्या पगारातल्या दर शंभर सेंटमधले सुमारे सहा सेंट पहिल्याच वर्षी दानात गेले. म्हातारपणी पापक्षालनासाठी तो दान करू लागला, असे लिहिणाऱ्यांनी ही वही पाहायला हवी.

तेलाच्या विहिरी त्याने खणल्या का?

जवळपास नाहीच, निदान सुरुवातीला. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला १८५९ मध्ये एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि लोकांची झुंबड उडाली. रॉकफेलर तेव्हा मॉरिस क्लार्कबरोबर धान्य, मांस वगैरेची अडत करत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्या मालाचे भाव चढले आणि धंदा बरकतीला आला. (तो स्वतः युद्धावर गेला नाही. पैसे भरून बदली माणूस पाठवला. धाकटा भाऊ फ्रँक गेला आणि जखमी झाला.)

विहिरीचा धंदा जुगाराचा आहे हे त्याने ओळखले. आज तेल लागते, उद्या आटते, भाव आठवड्यात निम्मा होतो. पण तेल कुणाचेही निघो, ते शुद्ध केल्याशिवाय दिव्यात जळत नाही. म्हणून १८६३ मध्ये तो तेलशुद्धीकरणात उतरला. सॅम्युएल अँड्र्यूज हा कामातला जाणकार भागीदार सोबत होता. १८६५ मध्ये क्लार्क बंधूंशी बिनसले आणि कारखान्याचा आपसांतच लिलाव झाला. ७२,५०० डॉलरची बोली लावून रॉकफेलरने तो घेतला. तेव्हा त्याचे वय २५ होते.

तेल तेव्हा मोटारींसाठी नव्हते, हे आज सहज विसरले जाते. मोटारी अजून जन्मायच्या होत्या. तेल म्हणजे रॉकेल, आणि रॉकेल म्हणजे रात्रीचा उजेड.

स्टँडर्ड ऑइल इतकी मोठी कशी झाली?

१० जानेवारी १८७० रोजी ओहायोत १० लाख डॉलर भांडवलावर रॉकफेलरची ही कंपनी स्थापन झाली. तिच्या वाढीची कारणे दोन, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होत नाही.

पहिले कारण काटकसर. लाकडी पिंपे बाहेरून सुमारे अडीच डॉलरला पडत. रॉकफेलरने स्वतःचे लाकूड आणि स्वतःचा पिंपांचा कारखाना उभारून ती एका डॉलरच्या आत आणली. शुद्धीकरणात उरणारा पेट्रोलसारखा भाग इतर लोक नदीत सोडत, त्याने तो भट्टीत जाळायला घेतला. मेण, वंगण, जे जे निघेल ते विकले. निर्यातीच्या रॉकेलचे डबे डाख देऊन बंद करताना ४० थेंब लागत. त्याने ३८ थेंबांत करून पाहायला सांगितले. काही डबे गळले. ३९ थेंबांत एकही गळला नाही, तेव्हा ३९ हा नियम झाला. ही आठवण त्याने स्वतः सांगितली आहे.

दुसरे कारण रेल्वे. १८६८ मध्ये त्याचा भागीदार हेन्री फ्लॅग्लर याने रेल्वे कंपनीशी बोलणे केले : आम्ही रोज ६० डबे माल देतो, तुम्ही भाड्यात गुपचूप सूट द्या. इतका माल दुसऱ्या कुणाकडे नव्हता. इथवर याला घाऊक गिऱ्हाइकाची घासाघीस म्हणता येईल. पण १८७२ ची साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीची योजना वेगळ्या जातीची होती. तिच्यात सभासदांना सूट तर होतीच, शिवाय प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातला काही हिस्सासुद्धा सभासदांच्या खिशात जाणार होता. म्हणजे शेजाऱ्याने माल पाठवला की कमाई तुमची, आणि त्याने कुठे काय पाठवले याची माहितीही तुम्हाला.

बातमी फुटताच तेलाच्या पट्ट्यात उठाव झाला. मोर्चे निघाले, उत्पादकांनी तेल विकायचे थांबवले आणि योजना अमलात येण्याआधीच रद्द झाली. पण तिची दहशत होती त्याच काही आठवड्यांत क्लीव्हलंडमधल्या २६ प्रतिस्पर्ध्यांपैकी २२ जणांनी आपले कारखाने रॉकफेलरला विकून टाकले. त्याने त्यांना रोख पैसे किंवा स्टँडर्डचे समभाग असे दोन पर्याय दिले होते. ज्यांनी समभाग घेतले ते पुढे श्रीमंत झाले. बहुतेकांनी रोख घेतले. १८७० चे दशक संपता संपता अमेरिकेतले सुमारे ९० टक्के तेलशुद्धीकरण एका कंपनीच्या हाती होते.

मक्तेदारी आली म्हणजे रॉकेल महाग झाले असेल ना?

उलट झाले. १८७० च्या सुमारास गॅलनला २६ सेंट असलेले रॉकेल १८८० च्या दशकात ८ सेंटांच्या आसपास आले. गरीब घरांतही रात्री दिवा राहू लागला. रॉकफेलरचे समर्थक इथेच थांबतात. मला ते पुरेसे वाटत नाही. स्वस्त रॉकेल मिळवण्यासाठी शेजाऱ्याच्या रेल्वेभाड्यातून हिस्सा घेण्याची गरज नव्हती. पिंपे आणि ३९ थेंब त्याला पुरले असते, आणि तो तरीही जिंकला असता असे मला मनापासून वाटते. हाच त्याच्या चरित्रातला सर्वांत दुखरा भाग आहे.

बायको आणि मुले?

८ सप्टेंबर १८६४ रोजी त्याचे लग्न लॉरा स्पेलमनशी झाले. घरात तिला सेटी म्हणत. ती शिक्षिका होती. तिचे आईवडील गुलामगिरीचे कट्टर विरोधक, पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारे. कृष्णवर्णीय मुलींसाठी अटलांटात निघालेल्या शाळेला रॉकफेलरने मदत केली आणि १८८४ मध्ये तिला स्पेलमन हे नाव मिळाले. आजचे स्पेलमन कॉलेज ते हेच.

मुले पाच : बेसी, ॲलिस (ही तान्हेपणीच गेली), ऑल्टा, एडिथ आणि शेवटचा ज्युनियर. घरात पैसा दिसू द्यायचा नाही असा नियम होता. मुलांना माश्या मारण्याचे, पेन्सिलींना टोक काढण्याचे, बागेतले तण उपटण्याचे ठरलेले सेंट मिळत आणि त्यांची नोंद ज्याने त्याने आपल्या वहीत करायची. ज्युनियर बहिणींचे जुने कपडे घालून वाढला.

सेटी मार्च १९१५ मध्ये वारली. क्लीव्हलंडच्या करवसुलीवाल्यांशी तेव्हा त्याचे भांडण चालू होते. तिकडे पाऊल टाकले तर नोटीस हातात पडेल, म्हणून तिचा दफनविधी कित्येक महिने लांबला आणि शव न्यूयॉर्कजवळ एका स्नेह्यांच्या थडग्यात ठेवावे लागले.

भावांशी कसे होते?

विल्यम शेवटपर्यंत सोबत राहिला. न्यूयॉर्कचे निर्यातीचे काम तोच पाही. फ्रँकशी मात्र कायमचे वैर झाले. क्लीव्हलंडमध्ये फ्रँक एका प्रतिस्पर्धी तेल कंपनीत होता आणि त्याने चौकशीत भावाविरुद्ध साक्षही दिली. राग इतका की घराण्याच्या दफनभूमीत पुरलेल्या आपल्या दोन मुलांचे देह त्याने उकरून दुसरीकडे नेले. ती जॉनच्या जमिनीत नकोत म्हणून.

मुलींचे पुढे काय झाले?

बेसीने तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक चार्ल्स स्ट्राँग याच्याशी लग्न केले आणि १९०६ मध्ये फ्रान्समध्ये ती वारली. ऑल्टाचे आयुष्य तुलनेने शांत गेले. वडिलांपासून दुरावली ती एडिथ. तिचा नवरा हॅरल्ड मॅक्कॉर्मिक, शेतीयंत्रांच्या मोठ्या घराण्यातला. त्यांचा थोरला मुलगा १९०१ मध्ये चार वर्षांचा होण्याआधीच स्कार्लेट फीवरने गेला. १९१३ मध्ये एडिथ झुरिकला मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगकडे उपचारासाठी गेली, आठ वर्षे तिथेच राहिली आणि स्वतः मनोविश्लेषण करू लागली. दरम्यान आई गेली, तरी ती आली नाही. परतल्यावर घटस्फोट झाला. पुढे शिकागोत तिचे पैसे बुडाले आणि १९३२ मध्ये तिथेच ती वारली. बापलेकीची पत्रे जात येत राहिली, भेट काही झाली नाही.

इडा टार्बेल कोण?

पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यात वाढलेली पत्रकार. तिचे वडील तिथले छोटे तेल व्यावसायिक आणि १८७२ च्या उठावात सामील. १९०२ पासून दोन वर्षे तिने ‘मॅक्क्लूर्स’ मासिकात स्टँडर्ड ऑइलवर लेखमाला लिहिली. न्यायालयातल्या साक्षी, रेल्वेची कागदपत्रे, जुन्या चौकश्या, सगळे तिने खणून काढले. कंपनीची शिस्त आणि कौशल्यही तिने मोकळेपणाने मान्य केले आहे, म्हणूनच तिचा घाव खोल गेला. रॉकफेलरने उत्तर दिले नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लोकांनी कबुली असाच घेतला.

सरकारने कंपनी फोडली तेव्हा त्याचे नुकसान झाले का?

१९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या सरकारने खटला भरला. १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे ३४ तुकडे करायला सांगितले. एक्सॉन, मोबिल, शेव्हरॉन, अमोको या पुढच्या काळातल्या कंपन्या त्याच तुकड्यांतून वाढल्या. रॉकफेलर कामातून केव्हाच निवृत्त झाला होता, पण प्रत्येक तुकड्यात त्याचे समभाग होते. नेमक्या त्याच वेळी मोटारी आल्या, पेट्रोलला मागणी आली आणि समभागांचे भाव उसळले. १९१३ मध्ये त्याची संपत्ती ९० कोटी डॉलरच्या घरात होती. जी शिक्षा म्हणून आली, तिने तो आणखी श्रीमंत झाला.

आजच्या हिशेबाने किती, असे लोक हटकून विचारतात. महागाईने गुणले तर एक आकडा येतो, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर त्याच्या कितीतरी पट दुसरा. त्यामुळे इंटरनेटवर फिरणाऱ्या एकाच आकड्यावर विसंबू नये.

लडलोची घटना काय आहे?

कोलोरॅडोतल्या कोळसा खाणींच्या कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचा मोठा वाटा होता. १९१३ मध्ये तिथले कामगार संपावर गेले. कंपनीच्या घरांतून त्यांना बाहेर काढले गेले आणि त्यांनी हिवाळा तंबूंत काढला. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या सैनिकांनी लडलोच्या तंबूवस्तीवर गोळीबार केला, तंबू पेटले. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुले गुदमरून मेली.

ज्युनियर त्या कंपनीचा संचालक होता. आदल्याच पंधरवड्यात त्याने संसदीय समितीपुढे कामगार संघटनेविरुद्ध ठाम साक्ष दिली होती. पुढच्या वर्षी तो कोलोरॅडोला गेला, खाणीत उतरला, कामगारांच्या घरी जेवला, त्यांच्या बायकांबरोबर नाचला. त्यात जनसंपर्काचा भाग होता, तसा खरा पालटही होता. तरी ती अकरा मुले या घराण्याच्या खात्यावर कायम नावे पडलेली आहेत आणि कुठल्याही देणगीने ती नोंद खोडता येत नाही.

दानधर्म नेमका किती आणि कशावर?

हयातीत सुमारे ५४ कोटी डॉलर. शिकागो विद्यापीठाला सुरुवातीलाच ६ लाख, पुढे कितीतरी अधिक. १९०१ मध्ये, नातवाच्या मृत्यूच्याच वर्षी, न्यूयॉर्कला वैद्यकीय संशोधन संस्था निघाली. १९०९ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम सुरू झाली. अनवाणी चालणाऱ्या गरिबांचे रक्त हा कृमी शोषून घेई आणि लोक त्यांना आळशी म्हणत. १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन स्थापन झाले. पीतज्वराच्या लशीसाठी नोबेल मिळालेला मॅक्स थायलर याच फाउंडेशनचा शास्त्रज्ञ.

या सगळ्यामागचा मेंदू फ्रेडरिक गेट्स नावाच्या माजी पाद्र्याचा होता. मागणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवण्यापेक्षा रोगाचे मूळ शोधा, हा त्याचा आग्रह.

स्वामी विवेकानंदांच्या भेटीनंतर तो दानशूर झाला, हे खरे का?

ही कथा गायिका एमा काल्वेच्या सांगण्यावरून दुसऱ्याने लिहून ठेवलेली आहे. विवेकानंद १८९३ मध्ये शिकागोला पोचले. शिकागो विद्यापीठाची देणगी १८८९ ची, स्पेलमनची त्याहून आधीची, आणि लाल वही तर १८५५ ची. स्वामीजींचे मोठेपण या कथेवर अवलंबून नाही.

त्याच्या डोक्यावर टोप का असे? आणि तो नाणी वाटायचा म्हणे?

साठीच्या सुमारास एका विकाराने त्याचे सगळे केस गेले, भुवयासुद्धा. म्हणून टोप. आणि हो, उतारवयात तो भेटेल त्याला दहा सेंटचे नाणे देई, मुलांना बहुधा पाच सेंटचे.

पुढच्या पिढ्यांनी काय केले?

१९१७ नंतरच्या काही वर्षांत म्हाताऱ्याने बहुतेक संपत्ती ज्युनियरच्या नावे केली. ज्युनियरने ती खर्च कशी करावी हेच आपले आयुष्यभराचे काम मानले. मंदीच्या काळात रॉकफेलर सेंटर बांधले, राष्ट्रीय उद्यानांसाठी जमिनी दिल्या, १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाच्या जागेसाठी ८५ लाख डॉलर दिले. त्याची पत्नी ॲबी हिने दोन मैत्रिणींसह १९२९ मध्ये न्यूयॉर्कचे आधुनिक कलेचे संग्रहालय काढले. नवऱ्याला ती कला मुळीच आवडत नसे.

त्यांना एक मुलगी आणि पाच मुलगे. नेल्सन १९७४ ते १९७७ उपाध्यक्ष, विन्थ्रॉप आर्कान्सॉचा गव्हर्नर, डेव्हिड चेस मॅनहॅटन बँकेचा प्रमुख. डेव्हिड २०१७ मध्ये १०१ व्या वर्षी वारला. नेल्सनचा तरुण मुलगा मायकेल १९६१ मध्ये न्यू गिनीच्या अस्मत भागात काष्ठशिल्पे गोळा करत असताना होडी उलटली. तो किनाऱ्याकडे पोहत निघाला आणि पुन्हा सापडला नाही.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगला घट्ट. पुण्यात १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा तिथला विषाणू याच केंद्राने ओळखला. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि गोव्यात सत्तरीत लोक ज्याला माकडताप म्हणतात, तो हाच रोग. करोनाच्या साथीत देशातला पहिला रुग्ण पक्का ठरला तोही पुण्याच्या तपासणीतून.

मॅगसेसे पुरस्काराचा निधी १९५७ मध्ये रॉकफेलर बंधूंच्या न्यासाने दिला. पुढच्याच वर्षी पहिल्या मानकऱ्यांत विनोबा होते, १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख, नंतर जामखेडचे आरोळे दांपत्य आणि बाबा आमटे.

मुंबईत ट्रॉम्बेला १९५४ मध्ये सुरू झालेली स्टॅनव्हॅकची रिफायनरी स्टँडर्ड ऑइलच्या दोन वारस कंपन्यांची होती. ती पुढे एस्सो झाली आणि १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आली.

आज हे घराणे तेलातच आहे का?

तेल कंपन्यांचा कारभार या घराण्याच्या हाती नाही, आणि संपत्ती शेकडो वारसांत आणि न्यासांत वाटली गेली आहे. २०१४ मध्ये रॉकफेलर बंधूंच्या न्यासाने कोळसा आणि तेलातली गुंतवणूक काढून घेत असल्याचे जाहीर केले. कुटुंबाच्या दुसऱ्या एका न्यासाने २०१६ मध्ये तेच केले, आणि हवामानबदलाबाबत एक्सॉनमोबिलने लोकांची दिशाभूल केल्याचा आरोप उघडपणे केला. एक्सॉनमोबिल ही पणजोबांच्या कंपनीचीच थेट वारस.